दोन बोटं खाली

मी एक जुना पुतळा आहे. चौकात उभा राहणारा नव्हे, मित्रांनो. माझ्या डोक्यावर कबुतरं बसत नाहीत, कारण मला डोकंच नाही. हात नाहीत, पाय नाहीत, एका लोखंडी दांड्यावर नुसतं धड आहे. शिवणकामात कपडा अंगावर कसा बसतो ते पाहायला असा पुतळा लागतो. मला तोंड नाही तरी आज मी बोलणार आहे. माझा केसाने गळा कापला गेला, आणि गळा म्हणाल तर तो मात्र मला आहे.

माझा जन्म एका मुलीच्या अंगावर झाला. कुलूपवाल्याच्या दुकानावर एक लहान खोली होती. तिथे शिवणाऱ्या मावशी राहत. अख्खी गल्ली त्यांना मावशीच म्हणे. खोलीत पायांनी चालवायचं मशीन, कापडाच्या गुंडाळ्या, खडूची धूळ आणि गरम इस्त्रीचा वास. एके दुपारी तिथे एक उंच, सडपातळ मुलगी आली. तिला गायचं होतं. एका नाचाच्या हॉलमध्ये तिला संधी मिळाली होती, पण अंगावर घालायला धड काही नव्हतं. मावशींनी तिला सरळ उभं केलं, टेप लावली, आणि त्या थांबल्या.

"डावा खांदा खाली आहे गं तुझा. चांगला दोन बोटं."

मुलीचं तोंड उतरलं. लहानपणी ती शिडीवरून पडली होती. हाड बसलं, पण वाकडंच बसलं. शाळेत मुलं तिला तराजू म्हणत.

मावशींनी तिच्या बनियनवर खळ लावलेल्या कागदाच्या पट्ट्या चिकटवायला सुरुवात केली. एकावर एक, थरावर थर. मुलीला हसू आवरेना. "हलू नकोस, श्वास कमी घे," असं मावशी बजावत राहिल्या. पट्ट्या वाळल्यावर पाठीतून कापून तिला बाहेर काढलं, पाठ शिवली, आत कापूस आणि चिंध्या ठासल्या, वरून जाड कापड चढवलं. तो मी. तिची छाती, तिची कंबर आणि तिचाच दोन बोटं उतरलेला डावा खांदा. माझ्यात एवढंही खोटं नव्हतं.

मग मावशींनी तो खांदा झाकायची युक्ती काढली. मोडक्या छत्रीच्या काड्या वाकवून त्यांनी एक पंख तयार केला. त्यावर चंदेरी टिकल्यांचं कापड ताणलं आणि झग्याच्या डाव्या खांद्यावर तो उभा केला, पार कानाच्या वर जाईल असा. पंखाखाली खांदा आहे की नाही हेसुद्धा कळेना. मुलगी आरशासमोर उभी राहिली आणि रडायलाच लागली.

"मावशी, खांद्याचं कुणाला सांगू नका हं."

"नाही सांगत."

"आणि मी मोठी झाले ना, की सगळ्यांसमोर सांगेन, हे माझ्या मावशींनी शिवलंय म्हणून."

"आधी मोठी हो. आणि नाक पूस, टिकल्यांना पाणी चालत नाही."

ही दोन वचनं मी माझ्या कापसाच्या कानांनी ऐकली. पुढची सगळी गोष्ट त्या दोन वचनांचीच आहे.

मुलगी मोठी झाली, आणि किती मोठी! तो डिस्कोचा काळ होता. छताला आरशांचा गोळा फिरायचा, खाली माणसं घामाघूम होऊन नाचायची, आणि मधोमध ती, डाव्या खांद्यावर चंदेरी पंख घेऊन. डावा हात तिला पूर्ण वर नेता येत नसे, म्हणून ती उजवाच हात झटक्यात वर फेकायची. लोकांना वाटलं, हीच नाचायची नवी तऱ्हा. एकदा माप देताना ती चाल गुणगुणत होती आणि मावशींची टाचणी तिला टोचली. ती "उईऽ!" करून ओरडली. नेमकी तालावर! मावशी ओशाळल्या, पण तिने ते ओरडणं जसंच्या तसं गाण्यात घातलं. महिनाभरात शहरातली पोरंसोरंही 'उईऽ' करत उजवा हात फेकू लागली. वर्तमानपत्रांनी तिला 'झगमगबाई' नाव दिलं. पोरी एका खांद्यावर पुठ्ठे, पत्रे, जुने पंखे, काय वाट्टेल ते शिवून घेऊ लागल्या. खालच्या कुलूपवाल्याच्या मुलीने तर खांद्यावर स्वयंपाकघरातली चाळणी बांधली होती.

माझाही रुबाब वाढला. नवा झगा आधी माझ्या अंगावर चढायचा. मावशी तोंडात टाचण्या धरून माझ्याभोवती फिरायच्या. झगमगबाई आली की टाचण्यांची डबी हातात धरून उभी राहायची आणि एकेक टाचणी काढून द्यायची. इतकी नामांकित झाली तरी ते काम ती दुसऱ्या कुणाला करू देत नसे. त्या दिवसांत मला वाटायचं, आपण तिघं एकाच कापडाचे आहोत.

एक दिवस दूरचित्रवाणीवर तिची मुलाखत होती. मावशी खाली कुलूपवाल्याच्या दुकानात पाहायला गेल्या. जाताना साडी बदलली, केस विंचरले. जणू मुलाखत त्यांचीच होती. परत आल्या तेव्हा पायऱ्यांवरचा त्यांचा आवाज मला वेगळा वाटला. त्या माझ्यासमोर बसल्या.

"पंख स्वप्नात दिसला म्हणे तिला," त्या म्हणाल्या. मग सुई ओवली आणि अर्धी राहिलेली किनार पुरी केली.

मी तेव्हा स्वतःची समजूत घातली. मावशींचं नाव घेतलं तर लोक विचारणार, पंखच का, डाव्याच खांद्यावर का. मग शिडी निघणार, तराजू निघणार. ती घाबरली असेल. मित्रांनो, आपल्या माणसाची बाजू घ्यायला आपण किती धडपडतो! मी तर कापसाचा, मला धडपडायला अंगही नाही.

मग हवा बदलली. डिस्को म्हटलं की लोक नाक मुरडू लागले. टिकल्यांना हसू लागले. ज्यांनी तिला डोक्यावर घेतलं होतं त्यांनीच पाठ फिरवली. तेव्हा तिने आणखी एक मुलाखत दिली. "ते कपडे मला कधीच आवडले नव्हते. एका शिंपिणीने माझं सोंग करून टाकलं," असं ती म्हणाली. कौतुकाच्या वेळी तिला स्वप्न आठवलं आणि बदनामीच्या वेळी शिंपीण. त्याच आठवड्यात सगळे झगे पोत्यात भरून परत आले. सोबत चिठ्ठीसुद्धा नव्हती. मावशींनी प्रत्येक झगा झटकला, घडी घालून ट्रंकेत ठेवला, आणि मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. माझं तोंड कुठे ते त्यांनाच ठाऊक.

आता 'सोंग' करणाऱ्या शिंपिणीकडे कोण येणार? मावशी तयार कपड्यांच्या कारखान्यात कामाला लागल्या, आणि मला सोबत घेऊन गेल्या. तिथला कापणारा मास्तर नवा होता आणि आपल्याला सगळं कळतं असं समजणारा होता. त्याला जाकिटाचा साचा काढायला पुतळा हवा होता. त्याने मला ओढलं, दोन्ही बाजूंनी कागद लावला आणि साचा काढला.

"मास्तर, हा पुतळा एका बाजूला कललेला आहे," मावशी म्हणाल्या.

"पुतळा कधी कलतो का, मावशी? तुमचा चष्मा कलला असेल."

सगळे हसले. यापुढे बोलायचं तर तो खांदा कुणाचा हे सांगावं लागलं असतं. मावशी पुन्हा मशीनवर जाऊन बसल्या. त्या साच्यावर हजारो जाकिटं निघाली, सगळ्यांचा डावा खांदा दोन बोटं खाली. ती जाकिटं अंगावर तिरकी ओढत. नीट दिसायचं तर डावा खांदा पाडून उभं राहावं लागे. तरुण पोरं तशीच उभी राहू लागली, तशीच चालू लागली. आणि पाहता पाहता ती फॅशन झाली!

त्यातलंच एक जाकीट नव्या दमाच्या एका गायिकेच्या अंगावर गेलं. ती डावा खांदा पाडून, उजवा हात फेकत, मधेच 'उईऽ' करत गायली आणि रातोरात गाजली. "मी झगमगबाईंचीच लेक आहे. माझा खांदा त्यांच्या खांद्याला नमस्कार करतो," असं तिने सांगितलं. लगेच जाणकारांनी लांबलचक लेख लिहिले. जुन्या पिढीचा उंच खांदा, नव्या पिढीचा नम्र खांदा, असलं बरंच काही. मी कारखान्याच्या कोपऱ्यात धूळ खात उभा होतो. मला हसावं की रडावं ते कळेना. एका पडलेल्या मुलीचं हाड आणि एका मास्तरची चूक, यांच्यावर अख्खी पिढी तिरकी चालत होती.

झगमगबाईला पुन्हा चांगले दिवस आले. तिच्या गाण्यांचं आणि कपड्यांचं मोठं प्रदर्शन ठरलं. मावशी तोवर थकून, मला घेऊन भाचीच्या घरी राहायला गेल्या होत्या. मी तिथे गच्चीच्या दाराशी असे, आणि भाची माझ्यावर फरशी पुसायचं फडकं वाळत घाली. प्रदर्शनवाले कपडे शोधत आले. मावशींनी ट्रंक उघडली, पंखाचा झगा दिला, मलाही दिलं. "काही नको मला. फक्त त्या दिवशी बोलवा," एवढंच म्हणाल्या.

"कशाला जायचं?" भाची चिडली. "त्या बाईने तुमचं नाव तरी काढलं का कधी?"

"आता वय झालंय तिचं. आता कसली लाज? या वेळी सांगेल ती."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी झगमगबाई हॉलमध्ये आली. केस पिकलेले, अंगात भक्कम खांद्यांचा कोट. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने हळूच माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांनी! मला वाटलं, ओळखलं हिने. तिच्या अंगाची ऊब मला अजून आठवत होती. मग ती मांडणी करणाऱ्या माणसाकडे वळली.

"हा पुतळा जुना होऊन वाकलाय. खांदा भरून सरळ करा."

त्याने माझी शिवण उसवली, आत स्पंज कोंबला, टाके घातले आणि वरून पंखाचा झगा चढवला. मित्रांनो, मला भिंतीकडे वळवलं तेव्हा दुखलं नव्हतं, ओलं फडकं टाकलं तेव्हाही नाही. या वेळी दुखलं. माझ्यात एकच गोष्ट खरी होती आणि ज्या मुलीच्या अंगावर मी जन्मलो तिनेच ती बुजवली.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. मावशी तिसऱ्या रांगेत, भाचीचा हात धरून. निवेदकाने तोच प्रश्न विचारला, "हा पंख कसा सुचला?" झगमगबाईने समोर पाहिलं. तिची नजर तिसऱ्या रांगेवर थांबली. तिने ओळखलं, मी पाहिलं ते. तिचा उजवा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला. मावशी खुर्चीत पुढे सरकून बसल्या.

"स्वप्नात दिसला," झगमगबाई म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. भाची उठायला लागली. "मी सांगते सगळ्यांना. तुम्ही गप्प बसलात म्हणूनच हे झालं."

"खाली बस. मी शब्द दिलाय," मावशी म्हणाल्या.

गर्दी पांगल्यावर त्या काठी टेकत माझ्याजवळ आल्या. माझ्याभोवती बांधलेल्या दोरीच्या आत आल्या. पहारेकरी धावला, "आजी, हात लावायचा नाही."

"अरे बाबा, हात लावूनच झालंय हे सगळं."

त्यांची दिसायची बोंब होती, पण बोटं शाबूत होती. पंखाखाली हात घालून त्यांनी माझा खांदा दाबला. स्पंज दबला, पुन्हा वर आला. एक टाका ओढला असता तर स्पंज बाहेर आला असता आणि सगळ्या जगाला खरं कळलं असतं. मी मनातून ओरडत होतो, ओढा मावशी, ओढा! त्यांचं नख टाक्याखाली गेलंसुद्धा.

मग त्यांनी नख काढून घेतलं. खांदा वर चढल्यामुळे पंख मानेवर रुतला होता. त्यांनी चाचपून छत्रीची काडी जरा बाहेर वाकवली.

"बसत नाहीये नीट," त्या पुटपुटल्या. "निदान दिसायला तरी नीट दिसू दे."

शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. झगमगबाई. तिच्या हातात कुठूनशी मिळवलेली टाचण्यांची डबी होती. तिने ती पूर्वीसारखी पुढे धरली. डबीत टाचण्या वाजत होत्या.

मावशींनी डबीकडे पाहिलं नाही. माझ्या छातीवर जुनी एक गंजकी टाचणी टोचलेली होती, ती काढली आणि पंख पक्का केला.

"चल गं," त्या भाचीला म्हणाल्या. त्यानंतर त्या पुन्हा आल्या नाहीत.

मित्रांनो, मावशींनी शब्द दिला होता. मला कुणी शपथ घातली नव्हती, म्हणून मी सांगून टाकलं. तुमच्या अंगावरचा आवडता कपडा एकदा उलटा करून त्याची शिवण पाहा. ती कुणाच्या तरी बोटांनी घातलेली असते. ते माणूस भेटलं तर चारचौघांत सांगा की हे यांनी केलंय. उद्यावर टाकू नका, माणसं म्हातारी होतात.

आणि या हॉलमध्ये कधी आलात, तर पहारेकऱ्याची नजर चुकवून माझा डावा खांदा जरा दाबा. बोटं आत जातील. बरोबर दोन.