डाव्या पिळाची दोरी

सूर्य माथ्यावर येण्याआधीच दराकगोल गाव दोनदा जिंकले गेले आणि दोनदा हातचे गेले. अकरा घरांच्या त्या गावावर शरदाचे पिवळे ऊन मात्र कुणाचाही हुकूम न मानता पसरले होते.

ओकबुनला हारजितीचे काही नव्हते. तिला एवढेच हवे होते की एकवीस दिवस आपल्या दारातून परक्याचे पाऊल आत पडू नये. पहाटे तिची सून कुमदान बाळंत झाली होती, मुलगी झाली होती. सुटका इतकी अवघड झाली की आता तिला जागचे हलवणे म्हणजे गमावणेच. आणि घर असे टेकाडावर, की तिथून नदीचा उतारही दिसे आणि खिंडही. दोन्ही फौजांना मशीनगन ठेवायला तेच हवे होते.

"अहो, दोरी बांधा आधी!"

नवऱ्याने, पानदोलने, घाईघाईने पेंढ्याची दोरी वळली, मुलीची खूण म्हणून तिच्यात कोळसे आणि पाइनच्या डहाळ्या खोवल्या आणि बाळंतघरात एकवीस दिवस कुणी शिरू नये म्हणून ती फाटकावर आडवी टांगली. तोच उत्तरेच्या फौजेचा सार्जंट पेक दोन शिपायांसह मशीनगन घेऊन धापा टाकत वर आला.

"काकी, घर खाली करा."

"डोळे फुटले का? दोरी दिसत नाही?"

पेकने दोरीला बोट लावले. तो मूळचा शेतकरी; चुकीचे काम पाहून त्याच्या चेहऱ्यावर तिरस्कार उमटला. "काका, ही उजव्या पिळाची. हिनं भारे बांधतात. बाळंतिणीच्या दाराला डावा पीळ लागतो."

ओकबुन नवऱ्याकडे वळली. चुकीच्या दोरीने कुणालाच मनाई होत नाही. "जन्मभर उजवंच वळलात, आज एक दिवस डावं वळायला काय झालं होतं?"

"आपल्या पोरांच्या वेळी शेजाऱ्यानं वळून दिली होती," पानदोल पुटपुटला. "मी नुसती टांगली."

"सार्जंट, चला की आत!" शिपाई म्हणाला. नदीकडून पहिली गोळी सणसणत गेली.

आतून बाळ रडले. पातळ, संतापलेला, अगदी नवा आवाज. पेकने मशीनगन खाली ठेवली.

"पेंढा आणा. आमच्या गावात चौदा दारांना मीच वळून दिलीय. डोकं खाली घाला काका, आणि नीट बघा."

तळहातावर थुंकून त्याने दोरी वळायला घेतली. गोळ्या वरून जात होत्या, पेंढा मात्र शांतपणे डावीकडे वळत होता. दोरी टांगून तो मागे सरला.

"आता?" शिपायाने विचारले.

"आता काय? मीच बांधलीय, मीच कसा ओलांडू?"

तिघे मशीनगन ओढत उघड्या माथ्यावर गेले. तिथे आडोसा नव्हता. दुपारपर्यंत ते मागे हटले. ओकबुनने भिंतीवरून मोजले, खिंडीपलीकडे तिघेही आपल्या पायांनी गेले.

मग दक्षिणेचा लेफ्टनंट नाम आला. त्यानेही आधी पीळ चाचपला.

"सुरेख! कुणी वळली?"

"मीच," पानदोल छाती काढून म्हणाला. ओकबुनने त्याच्याकडे असे पाहिले की छाती आपोआप आत गेली.

नाम भिंतीबाहेर बसून वायरलेसवर बोलू लागला. "गाव ताब्यात आहे, साहेब. एक घर सोडून."

"त्यात शत्रू किती?" वायरलेस खरखरला.

"एकच. डोळे अजून नीट उघडत नाहीत."

"कधी घेणार ते?"

"एकवीस दिवसांनी, साहेब. आतून बोलावणं आलं तर."

ओकबुन आत गेली. चुलीवर बाळंतिणीसाठी समुद्रशेवाळाचे सूप उकळत होते. कुमदानने अर्धवट ग्लानीत विचारले, "आई, कोण जिंकलं?"

"तू गरम गरम पी," ओकबुन वाडगा भरत म्हणाली. "आत कुणी येत नाही."