काखेतला निळा दोरा

"अगं बाई! नाडी थांबली!"

फुलं बांधणाऱ्या मावशींनी वैद्यराजांचं डावं मनगट झटकन सोडलं. शेडमधली साठ-सत्तर माणसं टाचा उंचावून बघू लागली. किडीवर फवारायचं पांढरं औषध पेलाभर पिऊन वैद्यराज डोळे मिटून बसले होते. मग त्यांनी हिरव्या बाटलीतला अर्क घोटभर घेतला आणि दोन्ही हात वर केले. "आता बघा!"

"चालू झाली!" मावशी ओरडल्या. टाळ्यांनी वरचे पत्रे वाजले.

"सतरा वनस्पती!" वैद्यराज गरजले. "विष काळजाच्या दाराशी येतं, माझा अर्क त्याला उंबऱ्यावरूनच हाकलतो. रोज दोन चमचे घ्या. मास्क कशाला, हातमोजे कशाला? मोकळा श्वास घ्या!"

फुलांच्या पॉलीहाऊसचा मॅनेजर मान डोलावत होता. अर्क आल्यापासून त्याने मास्क मागवलेच नव्हते.

मागे शिंपी उभा होता. तो मुलीचा विसरलेला डबा द्यायला आला होता. चार महिन्यांपूर्वी त्याची बायको इथूनच फवारणी करून घरी आली, ती घामाने निथळत. त्याला दवाखान्यात न्यायची घाई, ती म्हणाली, "थांबा हो, अर्क घेतलाय. जरा पडते." त्यात तीन तास गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ठोके फार मंदावलेत. आधी का नाही आणलंत?" ती घरी परत आलीच नाही. आता आईच्या जागी मुलगी लागली होती. तीन वाजता तिची पहिली फवारणी होती.

वैद्यराजांचे हात वर गेले, तेव्हा पांढऱ्या सदऱ्याच्या डाव्या काखेत शिंप्याला निळ्या टाक्यांचा चौकोन दिसला. ते टाके त्याने ओळखले. वर्षापूर्वी कुणीतरी हा सदरा शिवून नेला होता. काखेत आतून खिसा हवा होता. "कशाला?" "कापूर ठेवायला, घाम फार येतो." पांढरा दोरा संपला होता. बायको म्हणाली होती, "घाला निळा, काखेत कोण डोकावतंय?" आणि तिनेच तो दोरा दातांनी तोडला होता.

शिंपी गर्दीतून पुढे आला. "वैद्यराज, पुन्हा करा. या वेळी उजव्या हाताची नाडी बघू."

"संशयी माणूस समोर असला की अर्क रुसतो."

"औषध आहे का जावई, रुसायला?" मावशी म्हणाल्या. लोक हसले.

"हा सदरा मी शिवलाय," शिंपी म्हणाला, आणि त्याने सरळ काखेत हात घातला. खिशातून लिंबाएवढा रबरी चेंडू निघाला.

"पोरी, इकडे ये. माझी नाडी धर." त्याने चेंडू स्वतःच्या काखेत धरून दंड आवळला. "लागते?"

"नाही." मुलीचा चेहरा उतरला. "अण्णा, नका ना!"

"मेलो का मी? आता दुसरा हात धर."

"चालू आहे!"

"हाताकडे जाणारी रक्ताची नळी काखेत दबते. काळीज आपलं चालूच असतं." त्याने दंड सैल केला. नाडी परतली. अर्काचा थेंबही प्यावा लागला नाही.

मावशींनी तोवर पेला हुंगला होता. "मेल्या, हे तर मैद्याचं पाणी!"

"अहो, पण वनस्पतींवर संशोधन चालू आहे," मॅनेजर पुटपुटला.

"होऊ द्या की!" शिंपी म्हणाला. "प्रयोगशाळेत सिद्ध होऊ दे, डॉक्टर सांगू देत, पहिला चमचा मी घेईन. तोवर ही बाटली मास्कच्या जागी चालणार नाही, आणि दवाखान्याच्या जागी तर नाहीच नाही."

तीनची घंटा झाली. मुलगी खोक्यावर बसली. "मास्क आणि हातमोजे आल्याशिवाय मी पंप उचलणार नाही." एकेक करत बाकीच्याही बसल्या.

"मग काम कोण करणार?" मॅनेजर म्हणाला.

"वैद्यराज आहेत की! त्यांना काय धाड भरलीय?" मावशींनी कोपऱ्यातला भरलेला पंप त्यांच्यापुढे आणून आदळला. झाकणाशी खरं औषध हिंदकळलं, उग्र दर्प सुटला.

वैद्यराजांनी सदरा वर ओढून नाकातोंडाला घट्ट लावला.

अर्क विकणाऱ्याचा स्वतःच्या अर्कावर किती विश्वास आहे, ते सगळ्यांना दिसलं होतं.

शिंपी मुलीजवळ बसला. "तुझ्या आईने विचारलं होतं, काखेत कोण डोकावतंय? आपणच डोकावायचं गं. कुणी चमत्कार दाखवला की आधी काखेत बघायचं, आणि जीव घाबरा झाला की आधी दवाखाना गाठायचा."

मग त्याने डबा उघडला. मुलीने साबणाने हात दोनदा धुतले आणि ती जेवायला बसली.