टँकरचं गाणं

लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष होतं आणि दुष्काळाचं दुसरं. चाकूरला पाण्याचा टँकर यायचा तो गाणं वाजवतच. ड्रायव्हर किशनरावांनी टपावर कर्णा बसवला होता. कॅसेट एकच, पस्तीस वर्षांपूर्वीच्या सिनेमातल्या गाण्याची. ते कानावर पडलं की बाया घागरी घेऊन धावत. गाणं संपेपर्यंत कोणी फिरकलं नाही, तर टँकर पुढच्या गावाला, असा किशनरावांचा शिरस्ता.

त्या गाण्याची चाल बांधणारे संगप्पा मास्तर याच गावचे. मुंबई सोडून आले आणि पेटी शिकवत म्हातारे झाले. एकदा त्यांनी किशनरावांना विनवलं, "दुसरं काही लावा हो. माझं गाणं कोणी ऐकत न्हाई, नुसतं धावतंय."

"दुसरी दोन लावून बघितली, मास्तर. लोक हालंनात. तुमच्या गाण्यात काय हाय कुणास ठाऊक, झोपलेलं माणूस उठतंय!"

म्हणून शाळेत सत्कार ठरला, तेव्हा मास्तरांनी एकच मागितलं. शाल नको, पेटीवर ते गाणं म्हणू द्या, लोकांनी बसून ऐकावं.

समोर वीसेक माणसं होती, छपरावर दोन कर्णे. मास्तरांनी पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली, आणि फाटकातून गर्दी लोटली. मास्तरांनी आवाज आणखी चढवला. त्यांच्या गाण्याला इतकी माणसं कधी आली नव्हती. मग त्यांना घागरी दिसल्या.

"टँकर कुठं हाय?" धुरपताबाई ओरडल्या. फाटकात पडून त्यांचा गुडघा फुटला होता. "आम्ही जीव तोडून पळत आलो, आन् हे इथं पेटी बडवत बसलेत!"

मास्तरांनी भात्यावरचा हात काढला. लोक शिव्या देत पांगले.

दुपारी चार वाजता गाणं पुन्हा ऐकू आलं. गल्लीत कोणी दार उघडलं नाही. "म्हाताऱ्याचं चालूच हाय," कोणीतरी हसलं.

ओसरीवर बसलेल्या मास्तरांना सुरुवातीची व्हायोलिनं ऐकू आली. ही कॅसेट होती. गाणं तीन मिनिटं वीस सेकंदांचं. ते धोतर सावरत पळाले, दारं ठोठावत सुटले. "टँकर आलाय! खरा टँकर!"

"जा मास्तर, एकदा फसवलं तेवढं बास," धुरपताबाई आतूनच म्हणाल्या.

मास्तर पारापाशी पोचले तेव्हा शेवटचं कडवं लागलं होतं. किशनराव विडी फेकून वर चढत होते. "गाव परगावी गेलं का काय, मास्तर?"

"थांबा थोडं. माझ्यामुळं येईनात लोक."

"पुढं तीन गावं हायत. तिथं काय सांगू?"

मास्तर टँकरच्या मागे गेले आणि त्यांनी तोटी पूर्ण सोडली. पाणी दगडांवर आदळलं.

"वेडे झाले काय!" किशनराव खाली उडी टाकून धावले. मास्तरांनी दोन्ही हातांनी तोटी तशीच उघडी धरून ठेवली, त्यांना बंद करू देईनात. तेवढ्यात गाणं संपलं. आता नुसता धारेचा आवाज होता.

एक दार उघडलं. मग चार. मग सगळी गल्लीच धावत आली. धुरपताबाई लंगडत पुढं घुसल्या आणि त्यांनी घागर धारेखाली सरकवली. "सांडायला काय तुमच्या आज्याचं पाणी हाय? धार बारीक करा!"

मास्तर तोटी फिरवू लागले. ओले हात तोटीवरून घसरत होते, ती फिरेना.