केकच्या तळाची चिठ्ठी

मित्रांनो, कपाटावर मघापासून खडखडतो आहे तो मीच, पत्र्याचा एक जुना डबा. झाकण सैल झाले आहे आणि स्वभाव पहिल्यापासूनच उतावळा. गव्हाच्या शेतांवरून वारा सुटला की मला स्वस्थ बसवत नाही.

मेलबर्नच्या कारखान्यात बिस्किटांसाठी माझा जन्म झाला, पण खरे आयुष्य गेले ऑस्ट्रेलियातल्याच विमेरा या गव्हाच्या मुलखातल्या एल्सी पास्को यांच्या स्वयंपाकघरात. त्यांचा बावीस वर्षांचा मुलगा मर्व्ह दुसऱ्या महायुद्धात, इंग्लंडमध्ये, बॉम्बफेकी विमान चालवत होता. एल्सीबाई माझ्यात सुक्या फळांचा केक भरत, वरून पिठाच्या पिशवीचे कापड शिवत आणि जांभळ्या पेन्सिलीने पत्ता लिहीत.

"अगं, किती मनुका कोंबतेस?" त्यांचे यजमान जॅक म्हणत. "विमान उडायला नको का त्याचं?"

"तू गप्प बस. दोरा दे इकडे."

मर्व्ह केक संपवून मला रिकामा परत पाठवी. अशा तीन समुद्रफेऱ्या मी केल्या.

चौथ्या वेळी मात्र बाई रागावलेल्या होत्या. मर्व्हच्या ठरलेल्या तीस मोहिमा पूर्ण झाल्या होत्या, त्याला घरी येता आले असते. आणि या पठ्ठ्याने आणखी मोहिमा मागून घेतल्या! बाईंनी लिहिले, 'तुला आमची पर्वा नाही. आता नाही आलास तरी चालेल.' पाकीट चिकटवून त्यांनी केकच्या तळाशी सारले. सबंध प्रवासभर ते मला टोचत राहिले.

मी छावणीत पोचलो, त्याच्या दोनच दिवस आधी मर्व्हचे विमान जर्मनीत कोसळले होते. तो गेला होता.

तिथली रीत अशी, की परत न आलेल्याचा खाऊ खोलीतल्या मित्रांनी वाटून खायचा. घरचे पत्र मात्र उघडायचे नाही. क्लॅरी नावाच्या मित्राने ते पाकीट स्वतः पाठवायचे म्हणून खिशात ठेवले. मला धुऊनपुसून मर्व्हच्या कपड्यांबरोबर घरी धाडले.

बाईंनी झाकण उघडले.

"केक खाल्ला गं त्यानं," जॅक म्हणाले.

"म्हणजे चिठ्ठीही वाचली."

नाही हो, नाही! मी आतल्या आत ओरडत होतो. पण पत्र्याचे कोण ऐकणार? दोन वर्षे बाई मला या फळीवरून त्या फळीवर ठेवत राहिल्या. गावाने सभागृहात मर्व्हचे नाव कोरले, भाषणे झाली. बाई गेल्या नाहीत.

युद्ध संपल्यावर एक हडकुळा तरुण दारात आला. क्लॅरी!

"मिसेस पास्को, हे तुमचं. पाठवणार होतो, पण दुसऱ्याच दिवशी माझंही विमान पडलं. कैदेत होतो."

पाकीट चुरगळले होते, पण चिकटलेलेच होते. बाईंनी त्याची कड पुन्हा पुन्हा चाचपली.

"त्यानं वाचलं नाही?"

"डबा आला तेव्हा तो नव्हताच."

बाई हसल्या, रडल्या, आणि एकदम थांबल्या. "म्हणजे केकसुद्धा..."

क्लॅरीने मान खाली घातली. "आम्ही खाल्ला."

बाईंनी त्याला खुर्ची ओढून दिली आणि विचारले, "कसा झाला होता?"

"खरं सांगू? तळाला जरा करपला होता."

"त्याला तसाच आवडायचा," बाई म्हणाल्या. त्यांनी पाकीट न उघडताच चुलीत टाकले आणि मनुका काढायला उठल्या.

मित्रांनो, माझे झाकण दुरुस्त केले नाहीत तरी चालेल. पण दूर गेलेल्या माणसावर रागवायचे असेल, तर तो घरी येईपर्यंत थांबा. माझ्या तळाशी केकच ठेवा, थोडा करपलेला असला तरी.