दामिनीने लपवलेला गंज

मी जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, एक जुना गंज आहे. आमच्या भागात भात शिजवायच्या मोठ्या भांड्याला गंज म्हणतात. माझं बूड काळं पडलं आहे, एक कान तुटला आहे आणि पोटाला पोचे आहेत. तरी मित्रांनो, अजून थेंबभर पाणी गळत नाही.

एका कारखान्यात पत्र्याची चकती दाबून मला घडवलं. मग गोंडपिपरीच्या बाजारात मी दुकानदाराच्या दोरीला लटकून होतो. अंकुश नावाच्या माणसाने मला बोटाने वाजवून पाहिलं आणि बहिणीच्या लग्नासाठी विकत घेतलं. दुकानदाराने टकटक करीत माझ्या काठावर नवरा-नवरीची नावं कोरली, देवानंद आणि कुंता. त्या दिवशी मी फार चकाकत होतो.

कुंताचं सासर तलावाच्या पाळीला लागूनच होतं. तिचे सासरे इस्तारी जाळं टाकून मासोळ्या धरायचे. देवानंद लोकांच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, धानाची मजुरी करायचा. पण धान निघालं, की पुढच्या पावसाळ्यापर्यंत गावात हाताला काम नसे. मग संक्रांतीच्या सुमारास पिकअप गाड्या यायच्या आणि तरणी माणसं तेलंगणात मिरची तोडायला जायची.

त्यांच्यासोबत मीही जायचो. शेताच्या कडेला ताडपत्रीचं पाल आणि तीन दगडांची चूल, हे आमचं घर. चार घरांचा भात माझ्यात शिजे. सोबतची आशाबाई म्हणायची, "कुंता, तुह्या गंजातला भात गावच्यावानी लागते." हे ऐकून मी चटका विसरायचो.

देवानंद-कुंताला मुलगी झाली, दामिनी. तान्ही होती तोवर तीही आमच्यासोबत यायची. झाडाला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत निजायची, पण मिरचीच्या खकाण्याने शिंकून शिंकून तिचे डोळे लाल व्हायचे. ती शाळेत जाऊ लागली तेव्हा इस्तारी म्हणाले, "पोरीले माह्यापाशी ठेवा."

"मामाजी, तुमच्यानं होईन का?" कुंताने विचारलं.

"तुह्या नवऱ्याले मीच वाढवलं ना? तो काय आपोआप मोठा झाला?"

मग दामिनी गावी राहिली. पहिल्या वर्षी ती गाडीमागे धावत गेली आणि रडली. दुसऱ्या वर्षी रडली नाही. जायच्या आदल्या दिवशी आईला तिने एकच विचारलं, "माय, गंज नेलाच पायजे का?"

"मंग चार घरचा भात कायच्यात शिजवू?" कुंता सहज बोलून गेली.

सकाळी सगळे बोचकी बांधत होते. दामिनीने मला छातीशी धरलं, घरामागे तलावाच्या काठी नेलं आणि बेशरमीच्या झुडपात चिखलात दाबून ठेवलं. अंगणातली शोधाशोध मला तिथे ऐकू येत होती. बाहेर मजूर न्यायला आलेला मुकादम हॉर्न वाजवत होता.

"दामिनी, गंज पाह्यला का वं?" कुंताने विचारलं.

"नाई."

कुंता म्हणाली, "राहू दे. आशाबाईच्या गंजात शिजवून घेऊ."

आणि गाडी गेली.

दामिनी माझ्यापाशी येऊन बसली. जाळं घेऊन आलेल्या इस्तारींनी तिला पाहिलं. "काऊन रडून राह्यली, पोरी?"

"गंज नसन तर ते जाणार नाई, असं वाटलं मले. तरी गेले, आबाजी."

इस्तारी रागावले नाहीत. जाळं बाजूला ठेवून ते तिच्याजवळ चिखलातच बसले. मग त्यांनी मला तलावात धुतलं आणि त्या दिवसापासून आम्ही तिघं झालो. माझ्या एवढ्या मोठ्या पोटात दोघांपुरते तांदूळ तळालाच राहायचे. मला फार रिकामं रिकामं वाटायचं.

कुंताचा फोन यायचा तेव्हा दामिनी बोलायची नाही. इस्तारी फोन तिच्याजवळ ठेवून बाहेर जायचे. पलीकडून कुंता विचारायची, "जेवली का?" उत्तर येत नसे. तरी कुंता फोन ठेवत नसे. शाळेतही दामिनी मागच्या ओळीत एकटी बसते, असं बाईंनी येऊन इस्तारींना सांगितलं.

होळी झाल्यावर एका दुपारी देवानंद आणि कुंता परत आले. कुंता वाळली होती. दामिनी खांबाआड उभी होती. कुंता तिच्याकडे धावली आणि दोन पावलांवर थांबली. तिने हात मागे घेतले.

"माय, तू रागात आहे का?" दामिनी म्हणाली. "गंज मीनं लपवला होता."

"मले तवाच समजलं. तुही फराक चिखलानं भरली होती."

"मंग मले हात काऊन नाई लावत?"

कुंताने हात पुढे केले. बोटांची साल निघाली होती, तळवे लालभडक होते. "मिरचीनं हात जळून राह्यले, बाई. तुह्या डोळ्याले लागन."

त्या संध्याकाळी मी काठोकाठ भरलो. ताटात मासोळीचा रस्सा आला. कुंताने गरम भाताला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. दामिनी सरकत सरकत तिच्याजवळ आली. तिने भात कालवला, काटे नीट काढले आणि घास आईच्या तोंडाशी धरला. कुंता खात होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तिखट झालं का?"

"नाई. अजून दे."

देवानंदने ताट तसंच ठेवलं आणि तो तोंड धुवायला बाहेर गेला.

पुढच्या वर्षी तो एकटाच गेला. कुंता मागे राहिली आणि सासऱ्याने धरलेल्या मासोळ्या बाजारात विकू लागली. दामिनी हसू लागली, पण बाबाचा फोन आला की अजूनही तो पटकन आईच्या हाती देते. घराचं एक दुखणं कमी झालं, दुसरं राहिलंच.

मित्रांनो, माझे पोचे कासार ठोकून काढतो. माणसांना पडलेले पोचे तसे निघत नाहीत. तुमच्या वर्गातही कुणाचे आईबाबा मिरची तोडायला, ऊस तोडायला किंवा वीटभट्टीवर गेले असतील. ते मूल बोलत नसेल, तर चिडवू नका. उगीच प्रश्नही विचारू नका. डबा उघडा, त्याच्या शेजारी बसा आणि पहिला घास त्याच्यापुढे धरा. ते लगेच घेणार नाही. थोडा वेळ हात तसाच राहू द्या.