पहिल्या ओळीतला श्री

रोहिणखेडच्या जिनिंग संस्थेत १९९२ साली कॉम्प्युटर आला, आणि त्याच्यासोबत चपला बाहेर काढायचा नियम आला. तेव्हापासून कॉम्प्युटरच्या खोलीत माणूस यायचा बंद झाला. चप्पल काढण्याइतकं ऑपरेटर रमाकांतशी कुणाचं काम नव्हतं. दिवसभरात त्याच्याशी बोलायचं ते फक्त मशीन, तेही इंग्रजीत.

आधी जोडीला भालचंद्र होता. तो पुण्याला नोकरीला लागला आणि दुपारचा दोघांचा डबा एकट्याचा झाला.

दिवाळीत भालचंद्रची फ्लॉपी आली. आत शुभेच्छापत्र. उघडलं तर पडदाभर बाण, कंस, आकडे आणि मधेच एखादं बेवारस अक्षर. सोबत चिठ्ठी: 'नीट दिसायला कॉन्फिग फाइलमध्ये ॲन्सी ड्रायव्हरची ओळ टाक आणि मशीन पुन्हा चालू कर.' तो गेल्यापासूनच्या सहा महिन्यांत रमाकांतला कुणी काही लिहिलं होतं ते हेच. त्याला ते वाचायचंच होतं.

मशीन सुरू होताना आधी वाचतं ती ही फाइल; रमाकांतच्या मशीनमध्ये ती नव्हतीच. त्याने कोरी उघडली. आता, कोऱ्या जागी आधी श्री लिहिल्याशिवाय संस्थेत रद्दीची यादीसुद्धा होत नसे. त्यानेही पहिल्या ओळीत इंग्रजी अक्षरांत श्री लिहिला, दुसऱ्या ओळीत ड्रायव्हर. मशीन सुरू झालं आणि म्हणालं, पहिली ओळ कळली नाही. रमाकांतला वाटलं, सगळंच फसलं; पत्र त्याने उघडून पाहिलंच नाही. तीन दिवस त्याने तेच पुन्हा पुन्हा, अधिकाधिक भक्तिभावाने टाइप केलं.

चौथ्या दिवशी जुने दिवाणजी रामराव दारातून डोकावले.

“काऊन बे, तोंड उतरलं?”

“मशीन श्रीले ओळखत नाही म्हणते, दिवाणजी.”

“आन् तू असल्या मशीनसंगं बसून राह्यला?”

“श्री काढू का मग?”

“खबरदार!”

रमाकांतने जाडजूड पुस्तक चाळलं. ओळीच्या सुरुवातीला 'रेम' लिहिलं की ती ओळ मशीन सोडून देतं, असं त्यात होतं. त्याने ते श्रीच्या आधी लिहिलं.

“श्रीच्या पुढं हे कोण बसलं?”

“ही ओळ वाचू नको, असं सांगलं त्याले.”

“हाव. न वाचता नमस्कार कर म्हणा.”

या वेळी मशीन मुकाट्याने सुरू झालं. रमाकांतने पत्र उघडलं. पडदा निळा झाला, पिवळ्या पणत्या लुकलुकल्या आणि खाली लाल इंग्रजी अक्षरं उमटली: नारायणराव साहेब, आपणांस व आपल्या परिवारास दिवाळीच्या शुभेच्छा. नारायणराव म्हणजे भालचंद्रचे पुण्यातले साहेब. पत्र त्यांच्यासाठी केलेलं, नाव बदलायचं राहून गेलेलं. रमाकांतने खाली अजून काही आहे का पाहिलं. नव्हतं.

रामराव चपला काढून आत आले. इंग्रजीशी त्यांची कधी भेट नव्हती.

“काय लिवलं पोट्ट्यानं?”

रमाकांतने पडद्यावरची ओळ पुन्हा पाहिली. “लिवलं, रमाकांत, तुह्याबिगर करमत नाही इथं.”

“अजून?”

“खानावळीची भाजी नुसतं पाणी असते म्हणे.”

“आन् मले?”

“तुमाले नमस्कार सांगला.”

रामरावांनी पडद्याला हात जोडले, स्टूल ओढलं आणि बसले. “बोट ठेवून वाच ना बे. पहिल्यापासून.”

रमाकांतने नारायणरावांच्या नावावर बोट ठेवलं.

“रमाकांत,” त्याने वाचलं.