ओतून द्यायच्या कॉफ्या

मित्रांनो, मी एक जुनी मोका आहे. मोका म्हणजे कॉफीची अ‍ॅल्युमिनियमची किटली. माझ्या पोटात पाणी असतं, कमरेशी कॉफीची पूड, आणि खाली आच लागली की कॉफी गुडगुडत माझ्या डोक्यात चढते. इटलीतल्या पेरुजा गावी, तिसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात माझं सारं आयुष्य गेलं.

मला आर्जियाबाईंनी संसार मांडताना आणलं. त्यांनी मला कधी साबण लावला नाही. आमच्याकडे ती रीतच नाही. गरम पाण्यानं विसळायचं आणि पालथं घालायचं, बस्स. आतून मी काळी होत गेले, पण माझी चवही त्या काळेपणातच मुरली होती. आर्जियाबाई गेल्या, आणि त्यांची मुलगी निवेस माझ्यात कॉफी करू लागली. पहिल्या घोटाला निवेसबाई डोळे मिटत. त्या कुणाला भेटत आहेत, ते मला ठाऊक असे.

निवेसबाई एक खोली परदेशी विद्यार्थ्यांना भाड्याने देत. पाहुण्यांना मात्र मुक्कामाची सक्त मनाई. त्या वर्षी अमेरिकेची मॅरेन राहत होती. वसंतात तिनं चाचरत विचारलं, कॉलेजातली मैत्रीण टेस आठवडाभर राहिली तर चालेल का? टेसची आई हिवाळ्यात वारली होती, आणि मॅरेनला इथून जाता आलं नव्हतं. निवेसबाईंनी माळ्यावरची गादी काढून ती उन्हात टाकली.

टेस आली. हसतमुख, पडेल त्या कामाला हात लावणारी. आईचं नाव मात्र काढेना, आणि मॅरेनला विचारायचा धीर होईना. मग मॅरेन तिला नुसती फिरवत सुटली. टेकड्या, चर्च, पुन्हा टेकड्या.

"अगं, आणखी एक चर्च दाखवलंस तर मी तिथंच जोगीण होऊन राहीन," टेस म्हणाली. दोघी हसल्या आणि पुढची टेकडी चढू लागल्या.

एका सकाळी मॅरेन वर्गाला गेली होती, निवेसबाई बाजारात. पाहुणचाराची परतफेड म्हणून टेसनं स्वयंपाकघर आवरायला घेतलं. माझं काळं पोट पाहून तिला माझी कीव आली असावी. तिनं साबण घेतला, तारेची घासणी घेतली आणि मला मन लावून घासलं. मी चांदीसारखी चकाकू लागले. इतकी देखणी मी कधीच दिसले नव्हते, आणि त्या घरात इतकी परकीही कधी झाले नव्हते.

मॅरेन आधी परतली. मला उचलून तिनं आत डोकावून पाहिलं.

"टेस, ही त्यांच्या आईची होती. हिला साबण लावत नाहीत गं."

तेवढ्यात दारात किल्ली फिरली. निवेसबाईंनी मला उचललं, झाकण उघडून हुंगलं. नुसता साबणाचा वास.

टेस खाल मानेनं बोलू लागली आणि मॅरेन ते इटालियनमध्ये सांगू लागली. आई गेल्यापासून टेस घरातलं सगळं घासत सुटली होती. आईच्या कॉफीच्या मगात एक तपकिरी कडं होतं, तेही तिनं काढलं.

"आता तो मग दुकानातून आणल्यासारखा दिसतो," टेस म्हणाली.

हे वाक्य मॅरेनच्या तोंडून निघेना. निवेसबाईंना ते तरीही कळलं. त्यांनी कॉफीच्या पुडीचा डबा टेससमोर सरकवला.

"नवी मोका आणली की धातूचा वास जायला पहिल्या तीन कॉफ्या ओतून द्यायच्या असतात. माझी आई ओतताना फार हळहळली होती म्हणे. भर पोरी. दाबून नको."

पहिली कॉफी मोरीत गेली, तेव्हा टेस आईविषयी सांगत होती. दुसरी ओतताना मॅरेननं अखेर विचारलं, "मी यायला हवं होतं ना?"

"हो. फार राग आला होता तुझा," टेस म्हणाली. तिसरी चढेपर्यंत तिचं डोकं मॅरेनच्या खांद्यावर होतं.

चौथी तिघी प्यायल्या. निवेसबाईंनी घोट घेऊन डोळे मिटले.

"आईची नाही," त्या म्हणाल्या. मग आणखी एक घोट घेतला. "पण वाईट नाही."

मित्रांनो, आता मी पुन्हा हळूहळू काळी होते आहे. कुणाच्या घरचं जुनं भांडं घासायला घ्याल, तेव्हा आधी विचारा, त्यात काय मुरलं आहे. आणि घासलं गेलंच असेल, तर लगेच उठून जाऊ नका. पहिल्या काही कॉफ्या ओतून द्याव्या लागतात. तेवढा वेळ सोबतीला बसा.